संगणक संशोधन फेलोशिपसाठी तरुण प्राध्यापकाचं नॉमिनेशन कसं करावं

नाशिकमध्ये पंचवटी, आडगाव, गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, कुठेही जा, कॉम्प्युटर, आयटी किंवा एआय-डेटा सायन्सचा विभाग सापडतोच. अशा विभागांत नुकतीच पीएच.डी. संपवून रुजू झालेली, खरोखर चांगलं काम करणारी माणसं असतात. फेलोशिपची सूचना मात्र प्राचार्यांकडून विभागप्रमुखांकडे जाते, तिथून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते, शेवटच्या चार दिवसांत कुणीतरी तयारी दाखवतं आणि वरिष्ठ म्हणतात, ‘तूच ड्राफ्ट कर, मी सही करतो.’ चांगल्या माणसाचं नॉमिनेशन वाया जातं ते इथेच. निवड समितीला उमेदवाराचं म्हणणं त्याच्या संशोधन आराखड्यातून कळतंच. तुमच्या पत्रातून तिला हवं असतं तुमचं मत, आणि ते दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही.

म्हणून हा लेख विभागप्रमुख, आर अँड डी डीन आणि प्राचार्यांसाठी आहे. हातात किमान १२ आठवडे आहेत असं धरून लिहिलं आहे. सहा आठवड्यांतही जमतं, पण मग शिफारसपत्रं कच्ची येतात.

योजना आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

काही योजनांत उमेदवार स्वतः अर्ज करतो आणि संस्थाप्रमुख फक्त संमतिपत्र देतात. केंद्र सरकारच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट या प्रकारातली. दुसऱ्या प्रकारात उमेदवाराला स्वतः अर्ज करताच येत नाही, कुणीतरी नाव सुचवावं लागतं. अमेरिकेतली स्लोन रिसर्च फेलोशिप हे त्याचं जुनं उदाहरण. ती १९५५ पासून दिली जाते आणि संगणकशास्त्र तिच्या विषयांत आहे. विभागप्रमुख किंवा ज्येष्ठ संशोधक नाव पाठवतात आणि सोबत इतर संशोधकांची तीन पत्रं लागतात. मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांना २००९ मध्ये ती मिळाली होती. मात्र ती अमेरिका आणि कॅनडातल्या संस्थांत नेमणूक असलेल्यांसाठीच आहे, त्यामुळे नाशिकच्या कॉलेजातून कुणाचं नाव पाठवून उपयोग नाही. तिची कागदपत्रांची रचना मात्र अभ्यासण्यासारखी आहे, कारण कंपन्यांच्या आणि प्रतिष्ठानांच्या बऱ्याच फेलोशिप साधारण त्याच धर्तीवर चालतात.

पात्रतेत सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. ‘पीएच.डी.नंतर अमुक वर्षांच्या आत’ असं लिहिलेलं असेल तर कोणती तारीख धरायची? विद्यापीठाच्या नोटिफिकेशनवर एक तारीख असते, पदवीदान समारंभाच्या प्रमाणपत्रावर दुसरी, आणि दोन्हींत काही महिन्यांचं अंतर पडू शकतं. योजनेत खुलासा नसेल तर ई-मेल करून विचारा आणि आलेलं उत्तर फाइलला लावा. सीव्हीत एक तारीख आणि फॉर्ममध्ये दुसरी असेल तर अर्ज छाननीतच अडकतो. प्रसूती रजा किंवा दीर्घ आजारपणासाठी मुदत वाढवून देण्याची तरतूद अनेक योजनांत असते. ती असेल तर रजा मंजुरीचा आदेश आधीच काढून ठेवा. महिला प्राध्यापकांची नावं ‘मुदत संपली’ म्हणून विभागातच मागे पडतात, तेव्हा ही तरतूद कुणी वाचलेलीच नसते.

दुसरा प्रश्न नेमणुकीचा. योजनेला पूर्णवेळ, नियमित पद हवं असेल तर तासिका तत्त्वावरची किंवा अकरा महिन्यांच्या करारावरची नेमणूक चालणार नाही. विनाअनुदानित कॉलेजांत आणखी एक पायरी आहे: विद्यापीठाच्या निवड समितीमार्फत झालेली नेमणूक आणि स्थानिक निवड समितीमार्फत झालेली तात्पुरती नेमणूक यांत फरक असतो. विद्यापीठाच्या मान्यता पत्रावर काय शब्द आहेत ते आस्थापना विभागातून काढून आधी वाचा. उमेदवाराला सगळं काम करायला लावून शेवटी हे लक्षात येणं फार वाईट.

पैसा परदेशातून येणार असेल तर पहिल्याच आठवड्यात संस्थेच्या सीएंशी बोला. आपली बहुतेक कॉलेजं ट्रस्ट किंवा शिक्षणसंस्था चालवतात. परदेशी देणगी घ्यायची तर त्यांना एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या नियमनाचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावी लागते. भारतातल्या नोंदणीकृत कंपनीकडून येणाऱ्या पैशाचा मार्ग वेगळा असू शकतो, पण तोही सीएंकडूनच खात्री करून घ्यावा. फेलोशिप मिळाल्यावर पैसे घेता आले नाहीत, अशी वेळ येऊ देऊ नका.

कुणाचं नाव पाठवायचं

संस्थेला एक किंवा दोनच नावं पाठवता येत असतील तर अंतर्गत निवड करावीच लागते. तीन जणांची समिती पुरते, त्यातला एक जण बाहेरचा असावा. इच्छुकांकडून फक्त एक पान मागवा: कोणता प्रश्न सोडवताय, आतापर्यंत काय साधलं, पुढच्या दोन वर्षांत काय करणार. सोबत सर्वांत चांगला एक शोधनिबंध. इतकंच. या टप्प्यावर पूर्ण फाइल मागितली तर ज्यांच्याकडे वेळ आहे तेच अर्ज करतात, आणि चांगलं संशोधन करणाऱ्याकडे तो सहसा नसतो.

सेवाज्येष्ठता हा निकष इथे लावू नका. ‘मागच्या वेळी त्यांना दिलं, आता यांना’ हाही नको. समितीतल्या कुणाचा स्वतःचा पीएच.डी. विद्यार्थी स्पर्धेत असेल तर त्या व्यक्तीने त्या बैठकीतून बाजूला व्हावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं. आणि फक्त कॉम्प्युटर विभागापुरतं पाहू नका. संगणक संशोधनाची फेलोशिप म्हणजे कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचीच, असं नसतं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये चिपवर मॉडेल चालवणारी व्यक्ती, गणित विभागात अल्गोरिदमवर काम करणारी व्यक्ती, विज्ञान महाविद्यालयातल्या बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सची व्यक्ती, एमसीएची व्यक्ती, या सगळ्या बहुतेक योजनांत बसतात. त्यांच्यापर्यंत सूचना पोहोचतच नाही, ही आपल्याकडची खरी उणीव आहे.

तुमचं पत्र

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दीड ते दोन पानं, साधारण ७०० ते ९०० शब्द, लेटरहेडवर. पत्र इंग्रजीतच जाणार, पण मुद्दे आधी मराठीत मांडून पाहा. काय म्हणायचं आहे ते मातृभाषेत स्वच्छ झालं की पोकळ वाक्यं आपोआप गळतात.

सुरुवात करण्यापूर्वी उमेदवाराचे दोन शोधनिबंध स्वतः वाचा आणि त्यांच्याबरोबर तासभर बसा. तीन प्रश्न विचारा: तुमच्या आधी हे का जमत नव्हतं? तुम्ही नेमकं काय वेगळं केलंत? आता ते कोण वापरतंय किंवा त्यावर कोण पुढे काम करतंय? या तीन उत्तरांवरच पत्र उभं राहतं.

नेहमी दिसणारं वाक्य असं असतं: ‘डॉ. अमुक हे अत्यंत मेहनती, होतकरू आणि विद्यार्थिप्रिय प्राध्यापक असून त्यांचे २७ शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. विभागाच्या विविध समित्यांवर त्यांनी उत्कृष्ट काम केले आहे.’ यात खोटं काही नाही, पण हे कुणाहीबद्दल लिहिता येतं.

आता समजा, उमेदवार द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा आधी इशारा देणाऱ्या यंत्रणेवर काम करतात. मग पत्रात असं यायला हवं: ‘पानावर ओल किती तास टिकली यावर डाऊनीचा धोका ठरतो. हवामान केंद्र बागेपासून दूर असतं, त्याला ते कळत नाही. डॉ. अमुक यांनी बागेतच बसणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या चिपवर मॉडेल चालवून दाखवलं. अचूकता फारशी न घटवता मॉडेल इतकं लहान करण्याची पद्धत हे त्यांचं मूळ योगदान आहे आणि ती द्राक्षापुरती मर्यादित नाही. हा डेटा वर्षातून एकदाच, ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत मिळतो. त्यामुळे तीन वर्षांत त्यांना तीनच हंगाम मिळाले. निबंधांची संख्या कमी आहे ती म्हणून.’

शेवटची तीन वाक्यं पुन्हा वाचा. बंगळुरूला किंवा सिएटलला बसलेल्या परीक्षकाला निफाड-दिंडोरीतला छाटणीचा हंगाम माहीत नसतो. निबंध कमी का, हे तुम्ही सांगितलं नाही तर तो स्वतःचा अर्थ काढेल. पण योगदान संगणकशास्त्रातलंच आहे, हेही त्याच परिच्छेदात स्पष्ट हवं. शेतकऱ्याला फायदा झाला एवढंच लिहिलं तर परीक्षक ते विस्तारकार्य समजून बाजूला ठेवेल. २०२७ च्या सिंहस्थासाठी गर्दीच्या अंदाजावर काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे: गोदाघाटाचं वर्णन दोन ओळींत पुरे, गर्दी मोजण्याच्या पद्धतीत नवीन काय हे दहा ओळींत हवं. आणि पोलिसांचा किंवा महापालिकेचा डेटा वापरणार असाल तर लेखी परवानगी हातात आल्याशिवाय तसं लिहू नका.

तुलना टाळू नका. ‘सर्वोत्तमांपैकी एक’ या शब्दांना काही वजन नसतं. कुणाच्या तुलनेत, किती जणांत, हे लिहा: विभागात गेल्या दहा वर्षांत रुजू झालेल्या इतक्या तरुण प्राध्यापकांत, किंवा तुम्ही तपासलेल्या इतक्या प्रबंधांत. गट लहान असेल तर लहान लिहा. अतिशयोक्ती ओळखू येते, आणि ती आली की उरलेलं खरं पत्रही संशयाने वाचलं जातं.

महिला उमेदवाराच्या पत्रात ‘घर सांभाळून’, ‘मनमिळाऊ’, ‘शांत स्वभावाच्या’ असे शब्द शिरतात. लिहिणाऱ्याला ते कौतुक वाटतं, पण त्या जागी येऊ शकणारं संशोधनाबद्दलचं वाक्य त्यामुळे जातं. एकदा पत्र फक्त त्या नजरेने वाचून काढा.

बाहेरची शिफारसपत्रं

साधारण तीन लागतात. पीएच.डी.चे गाइड एक देऊ शकतात, योजनेने मनाई केलेली नसेल तर. उरलेल्या दोघांपैकी किमान एक अशी व्यक्ती हवी जिने उमेदवारासोबत निबंध लिहिलेला नाही आणि तरीही काम ओळखते. नाशिकहून अशी माणसं शोधणं अवघड वाटतं, पण मार्ग आहेत. उमेदवाराच्या निबंधाचा संदर्भ कुणी गंभीरपणे घेतलाय ते पाहा. ज्या परिषदेत निबंध वाचला तिथे सत्राध्यक्ष कोण होते, कुणी प्रश्न विचारले, हे उमेदवाराला आठवत असतं. मुंबईची आयआयटी, पुण्याचं सीडॅक आणि आयसर फार लांब नाहीत. विभागात एक व्याख्यान ठेवा आणि उमेदवाराला त्या पाहुण्यांसमोर पंचेचाळीस मिनिटं काम मांडू द्या. हे मात्र फेलोशिपच्या वर्षभर आधी करायचं काम आहे, पत्र मागायच्या आठवड्यात नव्हे.

पत्र मागताना किमान सहा आठवडे द्या. पहिल्या ई-मेलमध्येच हे सगळं असू द्या: योजनेचं नाव आणि दुवा, अंतिम तारीख भारतीय वेळेनुसार, उमेदवाराचं एका पानाचं टिपण, दोन निबंध, आणि ‘या दोन गोष्टींवर तुमचं मत आलं तर मदत होईल’ असं एक वाक्य. तयार मसुदा पाठवू नका. तिन्ही पत्रांत तीच विशेषणं, तीच वाक्यरचना आली की परीक्षकाला लगेच कळतं, आणि मग उमेदवाराच्या प्रामाणिकपणावरच प्रश्न येतो.

बऱ्याच योजनांत पत्र अपलोड करण्याचा दुवा पोर्टलवरून आपोआप जातो. तो स्पॅममध्ये पडतो, म्हणून दुवा गेल्याच्या दिवशीच फोन करून विचारा. शिफारस देणाऱ्याचा संस्थेचा ई-मेल द्या. जीमेलच्या पत्त्यावरून आलेली पत्रं काही पोर्टल स्वीकारत नाहीत. दोन आठवडे आधी एक आठवण, तीन दिवस आधी दुसरी, आणि ती तुम्ही करायची. उमेदवाराने ज्येष्ठांच्या मागे लागणं अवघड असतं.

सीव्ही आणि निबंधांची यादी

नावाचा गोंधळ आधी मिटवा. लग्नाआधीच्या आडनावाने काही निबंध, नंतरच्या नावाने काही, कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे फक्त आद्याक्षर, असं असलं की स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीवर एकाच व्यक्तीच्या दोन-तीन प्रोफाइल तयार होतात. त्या एकत्र करण्याची विनंती मान्य व्हायला वेळ लागतो, म्हणून हे पहिल्या आठवड्याचं काम. ऑर्किड आयडी (ORCID, संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) काढून सगळे निबंध त्याला जोडा, गुगल स्कॉलरवरून दुसऱ्याचे चुकून आलेले निबंध काढून टाका. डीबीएलपी ही संगणकशास्त्राची खास सूची आहे. परीक्षक तिथे हमखास पाहतात, तेव्हा तिथलं नावही तपासा.

यादीत पाच निवडक निबंध सर्वांत वर, प्रत्येकाखाली दोन ओळी: यात नवीन काय, आणि उमेदवाराचा वाटा काय. संगणकशास्त्रात चांगल्या परिषदेतला निबंध जर्नलइतकाच, कधी त्याहून जास्त मोलाचा मानला जातो, पण परीक्षक समितीत इतर शाखांचे लोक असतील तर हे एका ओळीत सांगावं लागतं. लेखकांच्या क्रमाचंही तसंच. सैद्धांतिक संगणकशास्त्रात नावं बहुधा वर्णानुक्रमे येतात, इतरत्र पहिलं नाव मुख्य काम करणाऱ्याचं असतं. आपल्याकडे गाइडचं नाव सवयीने कुठेही येतं, म्हणून वाटा स्पष्ट लिहिणं बरं.

पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलमधले निबंध निवडक यादीत घालू नका. असे दहा निबंध चांगल्या तिघांचं वजन कमी करतात. ‘यूजीसी-केअर लिस्टेड’ हा शिक्काही आता फारसा कामाचा नाही, मान्य जर्नलांची ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये बंद केली आहे. त्यापेक्षा निबंधासोबतचा कोड, डेटासेट कुठे उपलब्ध आहे ते लिहा, आणि दुवा उघडतो का ते दुसऱ्याच्या संगणकावरून पाहा.

संस्थेची हमी

‘संस्था सर्व सहकार्य करेल’ हे वाक्य प्रत्येक फाइलमध्ये असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. आकड्यात लिहा. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास थेट अध्यापनाचा निकष आहे. फेलोशिपच्या काळात तो किती तासांवर आणणार आणि उरलेले तास कोण घेणार? नॅक-एनबीए मूल्यांकनाच्या फाइलींतून आणि प्रवेशाच्या ड्यूटीतून किती महिने मोकळीक? सर्व्हर कुठे ठेवणार, वीज गेली तर काय, खरेदी समितीकडून मंजुरी किती दिवसांत? विद्यापीठाच्या कॅपमधल्या (केंद्रीय मूल्यमापन) पेपर तपासणीतून सूट मिळेल असं लिहू नका, ते तुमच्या एकट्याच्या हातात नसतं. जे खरंच देऊ शकता तेवढंच लिहा आणि त्यावर प्राचार्यांची सही घ्या.

सह्यांचा प्रवास कमी लेखू नका. आस्थापना विभाग, विभागप्रमुख, प्राचार्य, आणि काही ठिकाणी शिक्षणसंस्थेचे सरचिटणीस. जावक क्रमांक पडेपर्यंत आठवडा सहज जातो. अंतिम तारीख गणपती, नवरात्र किंवा दिवाळीच्या सुट्ट्यांच्या आसपास असेल तर दोन आठवडे धरा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्यांमुळे शहरात ये-जा कठीण होईल. त्या वर्षी सह्या जुलैतच उरकाव्यात.

पाठवताना

परदेशी योजनांच्या वेळा नीट उलगडा. ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ (पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत) म्हटलं असेल तर त्या तारखेची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सायंकाळी ५.२९ ला संपते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची रात्री ११.५९ ही वेळ उन्हाळी घड्याळाप्रमाणे आपली दुसऱ्या दिवशी सकाळी ९.२९, आणि पश्चिम किनाऱ्याची संध्याकाळी ५ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशी पहाटे ५.३०. हिवाळी घड्याळ लागू असेल तर दोन्हींत एक तास वाढवा. तरीही दोन दिवस आधी पाठवा. शेवटच्या रात्री पोर्टल मंदावतात.

सही केलेलं पत्र मोबाइलने फोटो काढून पीडीएफ करू नका, स्कॅनरवर ३०० डीपीआयला करा. बाकीची कागदपत्रं वर्डमधून थेट पीडीएफ करा, म्हणजे मजकूर शोधता येतो आणि फाइलही लहान राहते. मराठी प्रमाणपत्राला इंग्रजी भाषांतर लागत असेल तर साक्षांकित जोडा. फाइलच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा. देवनागरी नावाची फाइल काही पोर्टल न सांगताच नाकारतात. अपलोड झाल्यावर प्रत्येक फाइल पोर्टलवरून पुन्हा उतरवून उघडा. चुकून मागच्या वर्षीच्या उमेदवाराचं पत्र गेलेलं असू शकतं.

पोच क्रमांक उमेदवाराला आणि आर अँड डी कक्षाला, दोघांनाही द्या. गोपनीय पत्रं मात्र उमेदवाराला दाखवू नका आणि त्यांच्या वार्षिक मूल्यमापनाच्या फाइलला लावू नका. निकाल येण्याआधी उमेदवार दुसऱ्या संस्थेत गेले तर योजनेला लगेच कळवा, काही ठिकाणी नॉमिनेशन सोबत नेता येतं, काही ठिकाणी रद्द होतं.

निवड झाली नाही तर परीक्षकांचे अभिप्राय मिळतात का ते विचारा. पात्रतेची मुदत शिल्लक असेल तर त्याच उमेदवाराचं नाव पुढच्या वर्षी पुन्हा पाठवायला काहीच हरकत नाही. त्यासाठी जुनं पत्र तारीख बदलून पाठवू नका. मधल्या वर्षात काय नवीन झालं, यावर पहिला परिच्छेद नव्याने लिहा आणि शिफारस देणाऱ्यांनाही अद्ययावत टिपण वेळेत पोहोचवा.